चट्टा लाल झाला आणि आम्ही खूश झालो

हे लिहायला मला मोरे भाऊंनी लावलं. मोरे भाऊ म्हणजे पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवर कुष्ठरोगाच्या गोळ्या घेऊन फिरणारे आरोग्य खात्याचे कर्मचारी. आमच्याकडे सगळा चढ, त्यामुळे ते सायकलीवर कमी बसायचे आणि तिला हातात धरून जास्त चालायचे. ते म्हणाले, "सुमनताई, तुम्ही दवाखान्यात दिसेल त्या नव्या पेशंटाला धरून तासभर बोलत बसता. एकदाचं लिहून टाका, म्हणजे माझी शेवटची एसटी तरी चुकणार नाही." माणूस असा खवचट! पण म्हणणं खरं होतं, म्हणून लिहिते. डॉक्टरी मला कळत नाही. आमच्या घरात काय झालं ते सांगते. ज्याच्या घरात होऊ घातलं असेल त्यानं वेळेवर शहाणं व्हावं, एवढंच.

मोराचं पीस

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आमच्या बौद्धवाडीत बालवाडी चालवत होते. आमचे हे घाटरस्त्यावर मैलकुली होते, म्हणजे खड्डे बुजव, दरड काढ, गटार उपस असली कामं. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना मी आये म्हणायची. भात कापायला आलं होतं त्या दिवसांत मोरे भाऊ बालवाडीतल्या पोरांच्या अंगावरचे चट्टे तपासायला आले. पोरं बुजली, सदरे काढेनात. मी म्हटलं, "आधी बाईंना तपासा, मग बघा कशी रांग लावतात." आणि बाही वर करून उजवा हात पुढे केला. कोपराच्या खाली एक पांढरट डाग होता, बरेच दिवसांचा. मला वाटायचं उन्हाचा असेल.

मोरे भाऊंनी पिशवीतून मोराचं पीस काढलं. म्हणाले, "डोळे मिटा. पीस लागलं की तिथं बोट ठेवून दाखवा." मी डोळे मिटून बसले. पोरं खुदुखुदु हसत होती. बराच वेळ गेला तरी हा बाबा काही करीना. मी म्हटलं, "अहो, लावा की! किती वेळ ताटकळायचं?"

हसणं एकदम थांबलं. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, लावतायत की ते."

डोळे उघडले तर पीस डागावरच होतं. मोरे भाऊंनी पोरांसमोर अवाक्षर काढलं नाही. सगळ्या पोरांना तपासून झाल्यावर मला फणसाच्या झाडाखाली बोलावून सांगितलं, "ताई, हा कुष्ठरोग आहे. घाबरू नका, बरा होतो. आता नवीन गोळ्या आल्यात." घाबरू नका म्हणणाऱ्याचं काय जातं! आमच्याकडे त्याला महारोग म्हणत, तेही आवाज खाली करून.

घरात

ह्यांना सांगितलं. हे जेवले, हात धुतले आणि मोरे भाऊंना शोधत थेट पोलादपूरला गेले. तिथं त्यांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला म्हणे, "ती बरी होईल ना?" मोरे भाऊ हो म्हणायचे, हे दारापर्यंत जाऊन परत यायचे. मला हे सगळं मागाहून कळलं. घरी येऊन आमचे हे एवढंच म्हणाले, "गोळ्या चालू कर."

आयेनं आधी माझी ताटवाटी वेगळी काढली. खोटं कशाला सांगू? मीही त्यातच जेवू लागले. मग दिवाळीला धाकटे दीर मुंबईहून आले. गोदीत कामाला होते. मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "वहिनीला थोडे दिवस दासगावला माहेरी ठेवा. खाली फुकट रिस्क कशाला?" आये उसळली. "रिस्क ठेव तुझ्या मुंबईत! हितं माझं घर हाय, आन् ती माझी सून हाय. तिला धाडलीस तर माझी मळणी तू करणार हायस काय रे?" त्या संध्याकाळी माझं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत मिसळलं. आयेनं ते मुद्दाम केलं की रागाच्या भरात विसरली, मी कधी विचारलं नाही.

डाग एकूण तीन निघाले, तिन्ही बाहीखाली झाकले जायचे. मी लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले आणि बालवाडी चालू ठेवली. वाडीत चार घरांपलीकडे कुणाला पत्ता नव्हता. चिंता एकाच गोष्टीची होती. डाग झाकता येतो, वाकलेली बोटं कुठल्या बाहीत लपवणार? हात वाकला की बालवाडी गेली, चारचौघांत बसणं-उठणं गेलं. मग मला काही सांगायची गरजच राहिली नसती, हातानंच सांगितलं असतं. मोरे भाऊ म्हणायचे, गोळ्या घेणाऱ्याचा हात सहसा वाकत नाही. त्या 'सहसा'वर मी रात्र रात्र जागायची.

आनंदीआनंद

गोळ्यांतली एक महिन्यातून एकदा मोरे भाऊंसमोर गिळायची होती. तिनं लघवी लाल होते. भाऊंनी ते आधीच सांगितलं होतं, "लाल दिसलं तर घाबरू नका, ते चांगलंच आहे." हे वाक्य आयेनं पाठ केलं. इथंच सगळा घोळ झाला.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. एके सकाळी उठले तर हातावरचा चट्टा लालबुंद. नुसता लाल नाही, फुगलेला, चकचकीत, हात लावला तर गरम. दुसऱ्या दोन चट्ट्यांचंही तेच. मी घाबरून आयेला दाखवलं. आयेनं चक्क टाळी वाजवली. "अगो बाय माझे, बाहेर पडतंय गो! सगळा बाहेर पडतंय!"

आता हे वाडीबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे पोराला गोवर आला की सगळे तो अंगावर फुटायची वाट बघतात. आत दबला तर पोराचं काही खरं नाही, बाहेर फुटला तर पोर तरलं. आणि अंगावर आलेलं असताना औषध द्यायचं नाही, घरात फोडणी घालायची नाही, अंथरुणापाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा. आम्ही देव सोडून जमाना झाला होता, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. पण गोवराची ही रीत काही आयेच्या हाडातून निघाली नव्हती. मेलेला चट्टा लाल झाला, म्हणजे रक्त फिरलं, जीव आला, रोग बाहेर निघाला! शिवाय भाऊंनीच सांगितलं होतं ना, लाल दिसलं तर चांगलं?

मी बालवाडीची बाई, चार बुकं शिकलेली. पण खरं सांगते, मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. गोळ्यांचं पाकीट फडताळावर गेलं. फोडणी बंद झाली. हे बिचारे पंधरवडाभर बिनफोडणीचं कालवण मुकाट्यानं खात होते, वर हसत होते. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा हसत होते. कोपरापासून करंगळीपर्यंत मला कळा येत होत्या, हात मुंग्यांनी भरून जायचा. आये म्हणायची, "जाताना तरास देणारच तो, सुखासुखी जातोय काय?" मीही दात आवळून म्हणायची, जा बाबा एकदाचा.

भाकरीतले खळगे

आमच्याकडे तांदळाची भाकरी. उकड मळायची आणि परातीत थापायची. एक दिवस मी भाकऱ्या करत होते, आये चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती थांबली. दुसरी बघितली, तिसरी बघितली.

"काय गो, भाकरीला खळगे कसले?"

मी बघितलं. प्रत्येक भाकरीत कडेला दोन खळगे. मी पुन्हा थापायला घेतली आणि तेव्हा मला दिसलं. तीन बोटं सरळ पडत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून टोकावर आपटत होतं. सरळ करायला गेले तर होईना. डाव्या हातानं धरून सरळ केली, सोडली की पुन्हा आत.

आयेनं माझा हात पिठासकट धरला. तिचा चेहरा उतरला. "हा गोवर नाय," एवढंच म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली. फोडणी दिली नव्हती पंधरा दिवस, तरी घरात कसला ठसका लागला कोण जाणे, आम्ही दोघी सारख्या डोळे पुसत होतो. मग तिनंच चूल विझवली, लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल महाडाला."

महाडचा दवाखाना

मुंबईच्या एक डॉक्टरबाई ठरावीक दिवशी महाडला यायच्या. नशीब, तो दिवस दुसऱ्याच दिवशी होता. आम्ही ओळखीच्या एकीकडे मुक्काम ठोकला आणि सकाळी दवाखान्याच्या पायरीवर हजर. बाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. त्यांनी माझ्या कोपराच्या मागची नस नुसती चाचपली तर मी अशी किंचाळले की कंपाउंडर धावत आला. मग त्यांनी करंगळी बाहेर काढायला सांगितली आणि आपलं बोट तिच्यावर टेकवलं. "ढकला." मी जीव खाऊन ढकलत होते. करंगळी ढिम्म!

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

आयेनं सगळं सांगितलं, गोवर, पाला, फोडणी, टाळीसुद्धा. मला वाटलं आता बाई झापणार. बाई म्हणाल्या, "आजी, गोवराचं गोवरापाशी. ह्या आजारात चट्टा लाल झाला की धावत यायचं." मग मला समजावलं. गोळ्यांनी जंतू मरतात, आणि कधी कधी आपलंच अंग त्या जंतूंवर चवताळून उठतं. ह्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. मारामारी चालते त्यांची आणि मधल्या मधे चेंगरते नस. रोगाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीतच, वर आणखी दुसऱ्या घ्यायच्या, अंगाचा राग शांत करणाऱ्या.

मी विचारलं, "हात परत येईल?"

"सुरुवातीलाच आला असतात तर हो म्हटलं असतं. आता नक्की सांगत नाही. पण उशीर फार झालेला नाही. राहा इथं."

मला ते आवडलं. खोटं हो म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्यावर कधीच विश्वास ठेवला नसता.

वॉर्डात मला कोपऱ्यातली खाट मिळाली, मधे पडदा. हाताला प्लास्टरची पट्टी, हात गळ्यात. सकाळी चहा, मग खाऊन झाल्यावर त्या बारीक गोळ्या. जिभेवर रेंगाळल्या तर कडूजहर. तेल लावून बोटं सरळ करायचा व्यायाम. चहा देणारी मावशी कप लांबूनच सरकवायची. पहिल्या दिवशी मी रडले, दुसऱ्या दिवशी म्हटलं, "मावशी, आणखी लांबून सरकवा, बघू नेम लागतो का." ती ओशाळली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाटेवर बसून गप्पा मारू लागली, मग उठेचना.

त्या गोळ्यांनी भूक अशी लागायची की विचारू नका. आये डबा आणायची, तो संपवून मी शेजारच्या खाटेवरच्या डब्याकडे बघायची. तोंड बटाट्यासारखं गोल झालं. वाडीतली एक बाई भेटायला आली आणि घरी जाऊन म्हणाली, "सुमन दवाखान्यात बसून चांगली अंगानं भरली हाय." आजारी बाईची अशी कीर्ती!

शेजारच्या खाटेवर पाचाडच्या एक काकू होत्या. पायाची जखम घेऊन आलेल्या. पूर्वी गडावर जाणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून घालायच्या. त्यांची दोन्ही हातांची बोटं पार वळलेली. मी पहिल्या दिवशी तिकडे बघायचंच टाळलं. जेवताना मात्र बघावंच लागलं. वाकड्या बोटांच्या खाचेत घास धरून इतकं नीट जेवत होत्या की शीत सांडत नव्हतं. मला म्हणाल्या, "बघ बघ, लाजू नको. माझेपण असेच लाल झाले व्हते. वैदानं लेप दिला, मी खाटेवर पडून ऱ्हायले. कोण सांगणार व्हता? तुला सांगणारा भेटला ना, मग रडतेस कशाला?" त्यांच्या बोलण्यात माझ्याबद्दल असूया नावाला नव्हती. मला डाव्या हातानं जेवायला त्यांनीच शिकवलं, आणि माझी बोटं सरळ करायचा व्यायाम चुकला की खाटेवरून ओरडायच्याही त्याच.

आबा

वीस मार्च आला. चवदार तळ्यावर जाणाऱ्यांची सकाळपासून रीघ, घोषणा वॉर्डात ऐकू येत होत्या. दर वर्षी मी जायची. त्या दिवशी मात्र मी पडदा ओढून पडून राहिले, कारण माझे आबा, म्हणजे वडील, दासगावहून दर वर्षी तळ्यावर येत. त्यांना मी काही कळवलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला?

दुपारी पडदा सरकला आणि आबा उभे. निळी टोपी, धुळीनं माखलेले पाय. आयेनंच त्यांना तळ्यावर गाठून सांगितलं होतं. मी घाईनं हात पदराखाली घेतला. ते खाटेवर, माझ्या पायथ्याशी बसले. ऊन मरणाचं होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, उशाचा माझा तांब्या उचलला, तोंड लावून घटाघट प्यायले आणि मिश्या पुसल्या.

मला रडूच कोसळलं.

आबा गोंधळले. "काय गो? पिण्याचा नव्हता काय तो पाणी?"

"पिण्याचाच होता," मी म्हटलं. पडद्याच्या पलीकडे पाचाडच्या काकूंनी नाक शिंकरलं. आबांनी माझा हात पदरातून ओढून काढला, मास्तरानं पाटी बघावी तसा उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "तुला शिकवताना ह्याच हाताव छड्या मारल्या व्हत्या मी. टिकला पायजे हा." मग पिशवीतून कलिंगडाची फोड काढून दिली.

रक्त

डॉक्टरबाई दर खेपेला माझं रक्त घ्यायच्या. बाटल्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मुंबईला न्यायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, माझं अर्धं रक्त मुंबईत गेलं. करता काय त्याचं?"

त्या म्हणाल्या, "गोळ्या सगळेच घेतात, पण रिअ‍ॅक्शन काहींनाच येते. कुणाला येणार, हे रक्तात आधी कुठं दिसतं का, ते शोधतो आहोत. दिसलं तर हात वाकायच्या आधीच उपचार करता येतील."

"मग माझ्या रक्तात काय दिसलं?"

"काही नाही. म्हणजे पुष्कळ दिसतं, पण त्यातलं खरं काय ते अजून कळत नाही."

"मग परत द्या," मी म्हटलं. बाई इतक्या हसल्या की सुई बाजूला ठेवावी लागली.

मी त्यांना भाकरीतल्या खळग्यांचं सांगितलं होतं. मला वाटलं, मोठाच शोध लावला आपण. त्या म्हणाल्या, "छान लक्षात आलं तुमच्या. पण खळगे पडले म्हणजे नस आधीच दुखावली. मला त्याच्याही आधीची खूण हवी." बरोबरच होतं ते. म्हणूनच तर मला ती बाई आवडायची. ज्या दिवशी ती खूण सापडेल, त्या दिवशी माझं बाटलीभर रक्त कामी आलं म्हणायचं. तोवर आपणच आपले पहारेकरी. चट्टा लाल झाला, फुगला, कोपरात किंवा गुडघ्यामागे कळ आली, बोट ऐकेनासं झालं, की दवाखाना. टाळ्या नंतर वाजवा.

घरी आले तरी त्या बारीक गोळ्या पुष्कळ दिवस चालू होत्या, हळूहळू कमी करत. ह्यांनी घाटातलं काम उरकून रोज संध्याकाळी माझी बोटं तेल लावून चोळली. दगड-डांबराचे हात, पण चोळायचे मात्र अंडं धरल्यासारखे. मी लावणीला चिखलात उतरायची नाही, असं आयेनं बजावलं होतं. त्या पावसाळ्यात ती एकटीच वाकत होती आणि बांधावर बसलेल्या मला शिव्या घालत होती, "रोप तरी नीट दे गो!" आमचं दोघींचं उत्तम चाललं होतं.

बोटं कधी सरळ झाली ते सांगता येणार नाही. एक दिवस करंगळी जरा हलली. मग कित्येक दिवस काहीच नाही. मग भांडी घासताना ती आपण होऊन कडेला टेकली. मी कुणाला बोलले नाही, न जाणो दृष्ट लागायची. दृष्टबिष्ट मी मानत नाही, तरी बोलले नाही.

कागद

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. हे रजा टाकून आले होते, आये नवं लुगडं नेसून. डॉक्टरबाईंनी नस चाचपली. दुखली नाही. पीस फिरवलं. चट्ट्यावर कमीच कळलं, ते तसंच राहील म्हणाल्या. मग टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, त्याची पट्टी केली आणि माझ्या करंगळीच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधे घातली.

"बोटं सरळ ठेवून धरा. मी ओढणार. सोडायचा नाही."

मी धरला. हे खिडकीबाहेर बघायला लागले, त्यांना बघवेना. आयेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी ओढला. कागद जरासा घसरला. मी बोटं आवळली, सगळा जीव त्या दोन बोटांत आणला. घसरायचा थांबला. बाईंनी आणखी जोरात ओढला, खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

टर्रकन फाटला. अर्धा त्यांच्या हातात, अर्धा माझ्या बोटांत.

मग आये हळूच म्हणाली, "बाय, सरकारी कागद फाटला. भरून द्यायला लागंल काय?"

बाई हसता हसता डोळे टिपू लागल्या. हे खिडकीकडून वळले आणि माझ्या हाताकडे बघतच राहिले. बाईंनी पुढे हात केला, "झालं, सुमनताई. द्या आता तो तुकडा."

मी म्हटलं, "घ्या की काढून."